होऊ नये म्हणून

महाडला चवदार तळ्याकडून बाजारपेठेत शिरणाऱ्या रस्त्यावर अवधूत शेठचं मेडिकल आहे. दीपेश तिथं सहा वर्षं फार्मासिस्ट होता. या सहा वर्षांत त्यानं तापाच्या, साखरेच्या, दाबाच्या, झोपेच्या गोळ्या दिल्या, लोकांची कुजबुज ऐकली आणि पोटात ठेवली. गोळी हातात घेऊन माणूस कसा उभा राहतो त्यावरून त्याला पुष्कळ कळायचं, आणि कळलेलं विसरायचीही त्याला सवय होती.

बुधवारी दुपारी तीनच्या सुमाराला पस्तिशीचा एक माणूस आला. इस्त्रीचा फिकट निळा शर्ट, खांद्याला कापडी पिशवी. त्यानं खिशातून घडी केलेली चिठ्ठी काढली आणि काउंटरवर ठेवली. डॉक्टर मुंबईचे होते. दोन औषधं एकत्र असलेली गोळी, रोज एक, तीस दिवस.

औषधाचं नाव वाचताच दीपेशच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. मग त्यानं पेशंटचं नाव वाचलं आणि वर बघितलं. हे पोलादपूरजवळच्या त्याच्या वाडीच्या शाळेतले रुचिर गुरुजी. त्याच्या भावाची मुलगी श्रुतिका तिसरीत त्यांच्याकडेच शिकत होती. पंधरा ऑगस्टला झेंड्यापाशी त्यानं त्यांना लांबून पाहिलं होतं. गुरुजी मात्र त्याला ओळखत नव्हते.

"मिळेल का?" गुरुजींनी विचारलं. "एरवी मुंबईहून कुरिअरनं येते. या खेपेला पार्सल कुठं अडकलंय कळत नाही. माझ्याकडे चारच दिवसांच्या उरल्यात, म्हणून अर्धी रजा टाकून आलो."

"मागवून देतो. उद्या संध्याकाळपर्यंत येईल."

गुरुजींनी फोन नंबर लिहून दिला आणि ते पोलादपूरची एसटी पकडायला निघून गेले.

अवधूत शेठ आतून आले, चिठ्ठी डोळ्यांजवळ नेली. "पोलादपूरकडचे मास्तर ना हे? कसली रे ही? आपल्याकडे कधी आली नाही."

"एचआयव्हीची," दीपेश म्हणाला.

वाक्य अर्धंच झालं होतं. पुढचं अर्धं त्याच्या जिभेवर होतं: आजारावरची नाही शेठ, आजार होऊ नये म्हणून घेतात ती. पण ते बोललं की शेठ विचारणार, हे तुला कसं माहीत, आणि मास्तरांना ती कशाला लागते. दोन्ही प्रश्नांची उत्तरं दीपेशला ठाऊक होती. म्हणून तो खोकल्याच्या बाटल्या सरळ करू लागला.

शेठ वाईट माणूस नव्हते, पण फोनवर बोलताना त्यांचा आवाज रस्त्यापलीकडे जायचा. त्यांनी डिस्ट्रिब्युटरला फोन लावला. "हॅलो, अहो, ती एचआयव्हीची गोळी आहे ना... हो हो, तीच. एका मास्तरांना हवीय, पोलादपूरकडच्या. उद्याच्या गाडीला टाका."

गुरुजींना दुकानातून बाहेर पडताना बघून आत आलेला हैबती बाकावर बसला होता. तो दर पंधरा दिवसांनी सव गावी जाऊन तिथल्या गरम पाण्यात गुडघे शेकायचा आणि परतताना साखरेच्या गोळ्या न्यायचा. वाडीच्या शाळेच्या समितीचा तो अध्यक्ष. त्यानं गोळ्यांची पिशवी घेतली, दीपेशला "येतो रे" म्हणाला आणि गेला. त्याच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं, आणि दीपेशला त्याचीच भीती वाटली.

गोळी दीपेशला माहीत असण्याचं कारण पनवेलला होतं.

महिन्यातून एकदोनदा तो पनवेलला जायचा. घरी सांगायचा, कंपनीची मीटिंग आहे. तिथं ओम राहायचा. ओमशी त्याचं तीन वर्षांपासून होतं, पण फक्त ओमशीच होतं असंही नाही. मोबाइलवर ओळख व्हायची, कधी खारघरचा कुणी, कधी कळंबोलीचा. बाईशी लग्न करायचं नाही एवढं दीपेशचं पक्कं होतं. बाकी आपण काय करतो याला त्यानं कधी नाव दिलं नव्हतं. ओमला हे सगळं ठाऊक होतं, आणि ओमचंही तसंच होतं. ओम दीड वर्षापासून ती गोळी घेत होता. ब्रश झाला की एक गोळी, पाण्याबरोबर, असं सरळ.

"तू पण सुरू कर," ओम म्हणायचा. "फार्मासिस्ट आहेस ना तू?"

दीपेश म्हणायचा, मी काळजी घेतो. आणि बहुतेक वेळा घ्यायचाही. दोनदा घेतली नव्हती. त्या दोन्ही वेळा त्यानं नंतरचे दिवस मोजत काढले होते, आणि मुंबईच्या एका लॅबमध्ये भलत्याच नावानं रक्त दिलं होतं. दोन्हीदा काही निघालं नाही. मग तो पुन्हा म्हणायचा, मी काळजी घेतो.

गोळीबद्दल त्याच्या मनात काय होतं ते त्यालाही नीट सांगता आलं नसतं. कधी वाटायचं, गोळी घेणारे म्हणजे मोकाट झालेले लोक. आपण तसे नाही. कधी वाटायचं, गोळी घेतली तर आपणही मोकाट होऊ. आणि कधी आरशात बघताना वाटायचं की मोकाट तर आपण आहोतच, फक्त महिन्यातून दोन दिवस. रोज सकाळी गोळी घेतली तर ते रोज सकाळी कबूल करावं लागेल. या तिन्हींतलं खरं कोणतं, ते ठरत नव्हतं. तोवर तो काहीच करत नव्हता.

शनिवार हा त्याचा सुट्टीचा दिवस. पोलादपूरला उतरून वडापच्या जीपनं अर्ध्या वाटेपर्यंत आणि पुढं पायी चढून तो वाडीवर पोचला तेव्हा दहा वाजले होते. शनिवारची सकाळची शाळा असायची, पण श्रुतिका अंगणात बसून चिंचोके मोजत होती.

"शाळा नाय का गो आज?"

"आजी जाऊ देत नाय," श्रुतिका म्हणाली. "कुणीच गेला नाय. शेजारची ओवीपण नाय गेली."

त्याची आई तुळसा पडवीत नाचणी पाखडत होती. श्रुतिकाचे आईबाप मुंबईला, त्यामुळे पोरीचं सगळं तिच्याच हातात. तिनं सूप खाली ठेवलं.

"त्या मास्तरला तो रोग हाय म्हणं. हैबती महाडला गेला होता, तिथं मेडिकलात कानानं ऐकलान. तुझ्याच दुकानात. तू नव्हतास काय तिथं?"

"होतो."

"मग आम्हाला सांगितलास का नाय? घरातली पोर जाते तिथं. तो तिच्या पाटीला हात लावतो, डोक्यावर हात ठेवतो."

"आये, हात लावून काय होत नाय. आणि त्यांना रोगच नाय. ती गोळी रोग होऊ नये म्हणून घ्यायची असते."

"रोग नाय तर गोळी कशाला?"

दीपेश तिच्याशेजारी बसला. हे सोपं करून सांगता येईल असं त्याला वाटलं. "पुराच्या साली माझ्या महाडच्या खोलीतला चिखल उपसायला तू आली होतीस. आठवतंय ना? आशाताईनं सगळ्यांना गोळ्या वाटल्या होत्या. त्या लेप्टोच्या तापाच्या. तुला लेप्टो झाला होता काय?"

"नाय."

"मग घेतल्यास कशाला?"

"चिखलात उतरले होते म्हणून."

"तशीच ही पण गोळी."

तुळसानं सूप उचललं, पण पाखडलं नाही. मग म्हणाली, "मग मास्तर कुठल्या चिखलात उतरतो?"

चिखल हा शब्द दीपेशनंच आणला होता.

"सोमवारी चार वाजता शाळेत सभा हाय," ती म्हणाली. "हैबतीनं मास्तरला पण सांगितलान. श्रुतिकाचा बाप नाय हितं, तर तू येशील काय?"

"येतो."

उतरताना वाटेत त्याच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. गुरुजींना आजार नाही हे सांगितलं तर लोक विचारणार, मग गोळी कशाला. आणि गोळी कशाला हे सांगितलं तर गुरुजींची नोकरी राहील की नाही कोण जाणे. आजारी माणसाची निदान कीव तरी करतात. म्हणजे आजारी समजलेलं बरं, की दुसरं समजलेलं बरं? तो वळणावळणाला मत बदलत पोलादपूरपर्यंत आला.

गुरुजींची खोली पोलादपूरला, एका बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीच्या मागं होती. दार उघडंच होतं. गुरुजी वह्या तपासत बसले होते. त्यांनी त्याला लगेच ओळखलं.

"या. गोळ्या मिळाल्या मला गुरुवारी, तुम्ही नव्हता दुकानात."

दीपेश उभाच राहिला. "सर, माझ्यामुळे झालं हे. शेठनी विचारलं तेव्हा मी एचआयव्हीची म्हणालो. अर्धंच बोललो. मी त्याच वाडीचा आहे. श्रुतिका माझी पुतणी."

गुरुजींनी लाल पेनाचं टोपण लावलं. ते रागावतील, निदान आवाज चढवतील, असं दीपेशला वाटलं होतं. त्यांनी फक्त विचारलं, "उरलेलं अर्धं तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं."

"मग का नाही बोललात?"

गुरुजींनी स्टूल पुढं ओढलं, दीपेश त्यावर बसला. गुरुजी मूळचे रोह्याचे. घरी आई, भाऊ-वहिनी. नोकरीसाठी इथं सात वर्षं. ही माहिती त्यांनी स्वतःहून दिली, जणू काही तरी बोलत राहिलं पाहिजे म्हणून.

"किती दिवस घेताय?" दीपेशनं विचारलं.

"सव्वा वर्ष."

"लाज नाही वाटत?"

"वाटते की. रोज सकाळी वाटते. मग चहा पितो."

दीपेशला हसू आलं आणि लगेच ओशाळल्यासारखंही झालं. "पण सर, आपण नीट वागलो, निरोध वापरला, तर गोळी लागतेच कशाला?"

गुरुजी त्याच्याकडे बघत राहिले. "आपण?" ते म्हणाले.

बाहेर हायवेवरून एक लांबलचक ट्रेलर गेला, खिडकीची काच थरथरली. दीपेशनं मान खाली घातली. ती हलवून नाही म्हणावं असं त्याला वाटलं, पण मान हलली नाही.

"मलाही आधी तसंच वाटायचं," गुरुजी म्हणाले, आता ते त्याला अरेतुरे करू लागले होते. "नीट वागणाऱ्याला कशाला लागते. मग मी एकदा बसून स्वतःला विचारलं, तू नीट वागतोस का रे? कधी हो, कधी नाही. मग जे खरं आहे त्याला धरून गोळी सुरू केली. तुला बरोबर वाटतं की नाही मला माहीत नाही. मलाही रोज वाटतंच असं नाही. आणि गोळीनं सगळंच टळतं असंही नाही, बाकीचे रोग आहेतच. पण दर तीन महिन्यांनी तपासणी होते. पूर्वी मी तपासणीच्या नावानं पळायचो."

"सोमवारी काय सांगणार?"

"तेच कळत नाही," गुरुजी म्हणाले. "तुला काही सुचतंय?"

सोमवारी शाळेच्या ओट्यावर वीसबावीस माणसं जमली. बायका भिंतीला टेकून, पुरुष पायरीवर. हैबती खुर्चीवर. गुरुजी फळ्यापाशी उभे होते. स्वयंपाकाच्या खोलीच्या दारात शकू भांडी घासत होती. शाळेची खिचडी तीच शिजवायची. तिचा हृतिक चौथीत होता. नवरा चार वर्षांपूर्वी मुंबईला वारला होता.

हैबतीनं सुरुवात केली. "मास्तर, आमचा तुमच्यावर राग नाय. शिकवता चांगलं. पण पोरांचा प्रश्न हाय. जे हाय ते सांगा."

गुरुजींनी तोंड उघडलं, आणि त्याच क्षणी दीपेश उठून उभा राहिला. आपण उठणार आहोत हे त्याला एक क्षण आधीही ठाऊक नव्हतं. घाटात जीपमध्ये बसल्याबसल्या त्यानं एक गोष्ट जुळवली होती, आणि ती इतकी चांगली जुळली होती की न बोलणं त्याला जमलं नाही.

"मी मेडिकलात काम करतो, मला ठाऊक हाय," तो म्हणाला. "दिवाळीच्या आधी शाळेत पोरांचं रक्त तपासलं होतं. तेव्हा आवरताना मास्तरना वापरलेली सुई टोचली. तसं झालं की डॉक्टर खबरदारी म्हणून गोळ्या देतात. त्याच या गोळ्या. रोग वगैरे काय नाय."

ओट्यावर सुस्कारा पसरल्यासारखं झालं. चांगूआजा, वाडीतला सगळ्यात वयस्कर माणूस, मांडीवर थाप मारून म्हणाला, "बघा. मी बोलत होतो ना." तुळसानं मुलाकडे पाहिलं, तिच्या चेहऱ्यावर अभिमानच होता म्हणायचा. गुरुजी तेवढे फळ्यापाशी अवघडून उभे होते.

मग हैबतीनं डोकं खाजवलं. "पण दीपेश, ती सुई कुणाच्या रक्ताची होती?"

"म्हंजे?"

"म्हंजे, ज्याचा रक्त होता त्याला रोग असंल अशी भीती, म्हणून तर गोळी दिली. त्या दिवशी रक्त तर आपल्याच पोरांचा काढला होता. मग आपल्यातल्याच कुणाच्या तरी पोराला..."

त्यानं वाक्य पुरं केलं नाही. पण दोन माणसांच्या माना स्वयंपाकाच्या खोलीकडे वळल्या, मग आणखी दोघांच्या. शकूचा हात पातेल्यात थांबला.

"माझा नवरा काविळीनं गेला," ती म्हणाली. आवाज चढवला नाही तिनं. "केईएमचे कागद हायेत घरात. आणू काय?"

"तुला कोण काय बोलला नाय गो," हैबती म्हणाला.

"बोलला नाय. बघितलात सगळ्यांनी."

दीपेशला म्हणायचं होतं की तशी खबरदारी कुणाचंही रक्त असलं तरी घेतात, कुणालाच काही नसलं तरी घेतात. पण हे सगळं एकावर एक रचत गेलं तर कुठं जाऊन पोचेल याचा त्याला अंदाज येईना. एका माणसाला सोडवायला गेला आणि एका पोराला अडकवून बसला.

"सुई टोचलेली नाही," गुरुजी म्हणाले.

सगळे तिकडे वळले.

"दीपेशनं मला वाचवायला सांगितलं. त्याचा हेतू चांगला होता. पण तसं काही झालेलं नाही, तेव्हा शकूताईंकडे कुणी बघू नका. मला आजार नाही. हा गेल्या आठवड्यातला माझा तपासणीचा कागद." त्यांनी पिशवीतून कागद काढून हैबतीच्या हातात दिला. "आजार होऊ नये म्हणून मी रोज एक गोळी घेतो. का घेतो, ते माझं खासगी आहे. त्याचा शाळेशी काही संबंध नाही, आणि मी तो येऊ दिलेला नाही. उद्या मला आजार झाला असता, तरी शिकवल्यानं तो कुणाच्या पोराला झाला नसता. माझं एवढंच आहे."

हैबतीनं कागद वाचला. बाजूच्याला दिला. तो हातोहात फिरला, ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांनीही तो नीट बघितला. बायकांच्या बाजूनं कुजबुज सुरू झाली आणि थांबली.

चांगूआजानं टोपी काढली. "म्हंजे मास्तर, रोग नाय?"

"नाही."

"आन गोळी हाय?"

"आहे."

"रोज?"

"रोज."

आजानं टोपी पुन्हा घातली. "मग आता आम्ही करायचं काय?"

"उद्या पोरं शाळेत पाठवायची," गुरुजी म्हणाले.

भांडायला आलेल्यांना भांडण सापडत नव्हतं, आणि समजून घ्यायला आलेल्यांना नक्की काय समजलं ते सांगता येत नव्हतं. हैबती म्हणाला, विचार करू. माणसं दोनदोन तीनतीन करत उठली. कुणी गुरुजींना "येतो मास्तर" म्हणालं, कुणी नाही.

दीपेश शकूपाशी गेला. "वहिनी, माझी चूक झाली."

शकूनं पातेलं उपडं घातलं. "तू वाईटासाठी बोलला नाय, ते कळला मला. पण तोंड उघडायच्या आधी आजूबाजूला कोण उभा हाय ते बघत जा." आणि ती हृतिकला हाक मारायला मागं गेली.

घरी जाताना तुळसा पुढं आणि तो मागं. अर्ध्या वाटेवर ती थांबली. "खोटा का बोललास?"

"त्यांना वाचवायला."

"तुझं काय जात होतं?"

दीपेशनं वाटेतली काटकी पायानं बाजूला केली.

"आणि तुला त्या गोळीचा येवढा ठाऊक कसा?"

"दुकानात काम करतो ना मी."

"हां," ती म्हणाली, आणि चालू लागली. त्या "हां"मध्ये किती होतं, ते त्याला कळलं नाही. तिनं पुन्हा विचारलं नाही, आणि त्यानंही सांगितलं नाही. श्रुतिकाला मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी तिनंच वेणी घालून शाळेत पाठवलं.

पहिल्या दिवशी एकोणीसपैकी सात पोरं आली. आठवड्यानं तेरा झाली. हैबतीनं आपल्या नातवाचं नाव काढून पोलादपूरच्या शाळेत घातलं, पण गुरुजींची बदली करा असा अर्ज काही त्यानं दिला नाही. का दिला नाही, असं कुणी विचारलं तर म्हणायचा, "कागदावर लिहायचं काय, तेच समजत नाय."

दुकानातही एक चमत्कारिक गोष्ट झाली. पंधरा दिवसांत तीन फोन आले. एक पुरुष, महाडचाच असावा, सफाईनं बोलणारा. एक ट्रकवाला, बिरवाडीहून. आणि एक बाई, जी आधी "चुकून लागला" म्हणाली आणि मग फोन ठेवलाच नाही. तिघांनीही तेच विचारलं, ती गोळी तुमच्याकडे मिळते का, आणि ती घेतली तर लोकांना कळतं का. बाईनं आणखी विचारलं, "नवरा परगावी असतो, आणि तो तिथं काय करतो ते ठाऊक नसलं, तर बायकोनं घेतली तर चालते का?" दीपेशनं सांगितलं, डॉक्टरांना भेटा, आधी रक्त तपासावं लागतं, बायकांनाही देतात. बाईनं नाव सांगितलं नाही. तिचा आवाज त्याला ओळखीचा वाटला, पण तो अवघ्या महाडातल्या बायकांचे आवाज रोज ऐकत होता.

अवधूत शेठनी विचारलं, "काय रे, ठेवायची का ती आपण? मागणी दिसतेय." मग आवाज खाली आणून म्हणाले, "पण आपल्या महाडात एवढे लोक कोण रे?" आणि खरोखरच उत्तराची वाट बघत ते दीपेशकडे पाहत राहिले.

पुढच्या शनिवारी दीपेश पनवेलला गेला. या खेपेला ओमकडे न जाता ओमनं सांगितलेल्या क्लिनिकमध्ये गेला. तिथं दिशा नावाची समुपदेशक होती, त्याच्याहून लहानच असेल. तिनं फॉर्मवर त्याचं नाव लिहिलं. त्यानं खरं सांगितलं, आणि सांगून झाल्यावर ते परत घेता येईल का असं त्याला वाटून गेलं.

"गेल्या सहा महिन्यांत किती जोडीदार?"

"एक," तो म्हणाला.

तिनं लिहिलं नाही. पेन धरून थांबली.

"चार," तो म्हणाला. "पाच असतील. एकाचं मला नक्की नाही."

"बरं," ती म्हणाली आणि लिहिलं. तिच्या चेहऱ्यात काहीही फरक पडला नाही, आणि त्यामुळे तो जास्तच गोंधळला. इतकी वर्षं तो आकडा त्यानं मनातसुद्धा पुरता म्हटला नव्हता.

रक्ताचा निकाल चांगला आला. किडनीची, कावीळ-बीची तपासणीही झाली. दिशानं सगळं समजावलं: रोज घ्यायची, तीन महिन्यांनी परत यायचं, पहिले काही दिवस मळमळेल, बाकीच्या रोगांसाठी निरोध सोडायचा नाही. हे सगळं त्याला ठाऊक होतं; दुसऱ्या कुणाला तो याहून चांगलं समजावू शकला असता.

"मी घ्यावी का पण?" त्यानं विचारलं.

"तुमच्या उत्तरांवरून उपयोग होईल असं दिसतंय. घ्यायची की नाही ते तुम्ही ठरवायचं."

त्यानं गोळ्या घेतल्या. मंगळवारी सकाळी पहिली घेतली, आणि दिवसभर मळमळत होतं. ते गोळीनं की भीतीनं, हे त्याला ठरवता आलं नाही. बुधवारी घेतली, गुरुवारी घेतली. शुक्रवारी सकाळी डबी हातात धरून बसला आणि वाटलं, हे आपलं नव्हे, आपण कुणा दुसऱ्याचं औषध खातोय. डबी कपाटात ठेवून तो दुकानात गेला. दुपारी जेवणाच्या सुट्टीत त्याला एकदम घाबरल्यासारखं झालं. या गोळीबद्दल चुकलेल्या दिवसाचं काय करतात ते त्याला ठाऊक होतं, पुस्तकात होतं. तरी त्यानं दुकानाच्या मागच्या बोळात जाऊन गुरुजींना फोन लावला.

"सर, दीपेश बोलतोय."

"बोल."

"एक दिवस घ्यायची राहिली तर काय करतात?"

पलीकडे पोरांचा गलका होता. गुरुजींनी कुणाला तरी "पाढे चालू ठेवा रे" म्हणून सांगितलं, आणि गलका जरा लांब गेला.

"आठवली की लगेच घ्यायची," ते म्हणाले. "दोन एकदम नाही घ्यायच्या." मग जरा थांबून, "कधीपासून घेतोयस?"

"मंगळवारपासून."

"मळमळतंय?"

"हो. कशानं ते कळत नाही."

"मलाही कळत नव्हतं," गुरुजी म्हणाले. "दुकानातनं सुटलास की पोलादपूरला ये. श्रुतिकाच्या गणिताचंही बोलायचं आहे."

दीपेशनं बरं म्हटलं, आणि खोलीवर डबी आणायला निघाला.